भाषेची परीक्षा आणि आमची अहिराणी
भाषा आणि नागरिकत्वाच्या चर्चेत कोणीतरी म्हटलंय की जर्मनी नागरिकत्व द्यायच्या आधी भाषेची परीक्षा घेते (बी१ लेव्हल, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती भाषा), तसं आपल्याकडे काहीच नाही, म्हणून कोणीही येऊन भारतीय होतो. अहो आहे की! नागरिकत्व कायदा 1955 ची तिसरी अनुसूची बघा, बाहेरच्या माणसाला नॅचरलायझेशनने (म्हणजे इथे ठरावीक वर्षं राहून, अर्ज करून) नागरिक व्हायचं असेल तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांच्या यादीतली एक भाषा बऱ्यापैकी यायला हवी. फक्त कुठलीही एक, राहतो तिथलीच पाहिजे असं काही नाही. सिंधी 1967 मध्ये त्या यादीत आली, म्हणजे कराचीहून आलेल्या सिंधी माणसाला घरची भाषाच पुरते. आणि आमची अहिराणी? 2011 च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी हिच्यातच मोजतात) 18 लाखांवर लोकांची मातृभाषा आहे पण आठव्या अनुसूचीत नाही, म्हणजे कायद्याच्या हिशोबाने धुळ्याची नुसती अहिराणी बोलणारी आजी या अटीत नापास :) ती जन्मानेच नागरिक, म्हणून तिला कोणी विचारत नाही एवढंच.

त्यामुळे 'भाषा आली की तो आपला' असं जे म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्याकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी घरांतले दुकानदार गिऱ्हाईकाला सरळ अहिराणीत "कथा चालना भाऊ" (कुठे चाललास भाऊ) म्हणतात, घरात सिंधी, हिशोब हिंदीत. हे कोणी परीक्षा घेऊन शिकवलं नाही, धंद्याने शिकवलं. उलट शहाद्याकडचे गुजर कित्येक पिढ्यांपासून इथले, घरी अजून गुजरीच बोलतात, त्यांना कोणी उपरे म्हणून दाखवा बरं.