शून्य ते तीन महिन्यांचा स्वेटर विणायचाच कशाला?

उसवणारी

गेल्या आठवड्यात मी विणलेला एक स्वेटर माझ्याकडेच परत आला. मैत्रिणीच्या बाळासाठी दिला होता. भांडण वगैरे काही नाही. "घालायची वेळच आली नाही गं, कोराच आहे, दुसऱ्या कुणाच्या बाळाला होईल," म्हणाली. बारा संध्याकाळी लागल्या होत्या त्याला. खाली शिंपल्यांची किनार, पुढे सहा बटणं. आणि तो बाळाला बसत होता ते दिवस मोजून पाच आठवडे, त्यातले निम्मे दुपट्यात गेले.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे मांडते. नवजात आणि तीन महिन्यांचं माप क्रोशेत विणूच नये. सरळ सहा ते बारा महिन्यांचं घ्यावं. बाळ जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं, वर्षाचं होईतो ७५ च्या आसपास पोचतं, आणि यातली सगळ्यात वेगाची वाढ पहिल्या तीन महिन्यांतली. म्हणजे आपण सगळ्यात बारीक काम सगळ्यात कमी टिकणाऱ्या मापावर करतो. मोठा स्वेटर बाह्या दुमडून लवकर घालता येतो, छोटा काही ओढून-ताणून नंतर घालता येत नाही. त्यातून क्रोशे. दोन सुयांवरचं विणकाम ताणतं, बाळाबरोबर अजून थोडे दिवस चालतं. खांबांचं, म्हणजे क्रोशेच्या उंच टाक्यांचं, कापड ताणत नाही.

आणि दुसरं, हे जरा रागाने: "मोठं माप हवं तर पॅटर्न तोच, फक्त सुई मोठी घ्या" हा सल्ला देणं कृपया थांबवा.

बोला.

साखळीवाली

पहिल्या मुद्द्याला +१. माझ्या कपाटात अशी तीन "कोरी" रत्नं आहेत.

मुका खांब

अजिबात सहमत नाही. महिन्यांचा हिशेब केलात, ऋतूंचा केलाच नाहीत. बाळ थंडीच्या तोंडावर जन्मणार असेल तर तुमचं सहा-बारा महिन्यांचं माप त्याला बसेल ऐन उन्हाळ्यात. मग तो स्वेटर कोण घालणार? नुसतं "मोठा विणा" हा नियम झाला नाही. जन्माचा अंदाजे महिना विचारा, थंडी कधी ते बघा, तेव्हा बाळ किती महिन्यांचं असेल ते बोटांवर मोजा. उत्तर कधी तीन महिने येईल, कधी दहा. उन्हाळ्यात जन्मणाऱ्या बाळासाठी सहा महिन्यांचं माप बरोबर, हे मान्य. पण हिवाळ्यातल्या बाळाला मोठा स्वेटर देऊन आपण फक्त आपली लोकर वाचवतो, बाळ कुडकुडतंच.

आणि बाह्या दुमडण्याबद्दल. क्रोशेच्या बाहीची दुमड म्हणजे मनगटाभोवती जाडजूड वळं. तीन महिन्यांचं बाळ हात तोंडात घालतं. ती ओली लोकर दिवसभर तोंडात. करून बघा एकदा.

उसवणारी

ऋतूचा मुद्दा बिनतोड आहे, मला सुचला नव्हता. ओल्या बाहीचाही मान्य. तरी "फक्त सुई बदला" वाल्यांची वाट बघतेय.

मोठीसुई

आलेच. सदस्यनाव बघा :)

मी कित्येक वर्षं हेच करते. ३.५ मिलिमीटरची सुई घेतली की तीन महिन्यांचा, ४ ची घेतली की सहाचा, ४.५ ची घेतली की वर्षाचा. टाके तेच, ओळी त्याच, पॅटर्न तोंडपाठ. टीव्ही बघत विणता येतं. आजवर एकाही बाळाने तक्रार केलेली नाही. ताई, तुमचा राग नेमका कशावर आहे?

उसवणारी

आकड्यांवर आहे. क्राफ्ट यार्न कौन्सिल या लोकरवाल्यांच्या अमेरिकन संस्थेचा मापांचा तक्ता बघा, बरेच पॅटर्नवाले तोच धरतात. तीन महिन्यांना छाती ४०.५ सेंटिमीटर, सहाला ४३, वर्षाला ४५.५. तीन महिने ते वर्ष, छातीत फरक फक्त ५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १२ टक्के. आता काखेपासून मनगटापर्यंतची बाही बघा: १५ वरून १९, म्हणजे चांगली पंचवीस टक्के. बाळ रुंदीला कमी वाढतं, लांबीला जास्त. सुई बदलली की मात्र सगळं सारख्याच प्रमाणात फुगतं. छाती बरोबर आली तर बाही तोकडी, बाही बरोबर आली तर अंगात दोन बाळं मावतील. माप वाढवणं म्हणजे चित्र मोठं करून छापणं नव्हे.

मोठीसुई

तुमचाच हिशेब पुढे नेते. १५ ची बाही १२ टक्के वाढली की झाली जवळपास १७. हवी १९. उरले दोन सेंटिमीटर. खांबाची एक ओळ साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे बाहीला दोन ओळी जास्त! झालं की. एवढ्यासाठी सगळा पॅटर्न नव्याने गणित करून विणायचा?

साखळीवाली

ही विकेट पडली बहुतेक.

उसवणारी

दोन ओळींचं खरंय, तिथे मी गप्प. पण कापडाचं काय? तीच लोकर ३.५ ऐवजी ४.५ वर विणली की जाळी होते. माझ्या हाती आलेल्या अशाच एका स्वेटरमधून माझं बोट आरपार गेलं, बाळाचं तर सगळीकडे जाईल. बाही चढवताना बोटं अडकतात, आपण ओढतो, बाळ किंचाळतं, आणि मग तो स्वेटर कपाटात जातो. माझा अंदाज आहे की "कोरे" परत येणाऱ्या स्वेटरांपैकी अर्धे मापामुळे नाही तर यामुळेच घातले जात नाहीत.

मोठीसुई

मग लोकर पण जाड घ्या. तीनपदरीऐवजी चारपदरी.

मुका खांब

लोकर बदलली, सुई बदलली, म्हणजे नमुन्याचा चौकोन विणून मोजणं पुन्हा आलंच. मग "पॅटर्न तोंडपाठ, टीव्ही बघत" हा फायदा राहिला कुठे? त्यापेक्षा टाके मोजलेले काय वाईट? हलके घ्या.

मोठीसुई

चौकोन मी विणत नाही. हे कबूल करून टाकते.

दोनसुया

मूळ प्रश्नच चुकलाय. बाळासाठी क्रोशे करावंच का? कापड जाड, अंगाला आडमुठं, लोकर जास्त खातं. दोन सुया घ्या, सगळी चर्चा निकालात निघेल.

साखळीवाली

क्रोशेच्या प्रत्येक चर्चेत हे असतातच.

कमीदिवसाची

मी विणत नाही, वाचते फक्त. पण "नवजात माप विणूच नका" हे वाचून राहवलं नाही. आमचं बाळ सात आठवडे आधी आलं. वजन १.८ किलो. घरी आणलं तेव्हा दुकानातलं सगळ्यात लहान झबलंही त्याच्यावर तंबूसारखं दिसायचं. भेट आलेले सगळे कपडे सहा महिन्यांचे, कारण सगळ्यांना कुणीतरी हाच शहाणपणा शिकवलेला, "मोठंच द्या, बाळ वाढतं." वाढतं हो. पण आज काय घालू?

शेजारच्या एका बाईंनी दोन दिवसांत एक छोटा स्वेटर विणून दिला. पुढून पूर्ण उघडणारा, किनार नाही, फुलं नाहीत, आतून एकही गाठ लागत नव्हती. तो जेमतेम महिना वापरला असेल. तुमच्या हिशेबात तो वाया. माझ्या कपाटातल्या बाकीच्यांतला एकही मला आता आठवत नाही.

उसवणारी

तुमच्यापुढे मी शीर्षक मागे घेते. खरंच. फक्त एक म्हणते: त्या बाईंनी काम साधं ठेवलं म्हणून ते दोन दिवसांत झालं. माझ्यासारखी शिंपल्यांची किनार काढत बसली असती तर तोवर तुमचं बाळ तीन किलोचं झालं असतं. म्हणजे माझा मुद्दा आता एवढाच उरतो की छोट्या मापावर नक्षी नको. नक्षी करायची तर वर्षाच्या मापावर.

मुका खांब

"पुढून पूर्ण उघडणारा" हे फार कामाचं आहे, त्यावर थांबते. छातीच्या मापावर एवढं बोललो, डोक्यावर कुणीच नाही. तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं ४० सेंटिमीटरच्या आसपास असतं, सहा महिन्यांचं ४३, वर्षाचं ४५-४६. आता वर तक्त्यातली छाती बघा: ४०.५, ४३, ४५.५. जवळजवळ तेच आकडे! म्हणजे डोक्यावरून घालायचा स्वेटर असेल तर गळा छातीएवढा उघडायला हवा. दोन सुयांचा गळा ताणून निभावतो. क्रोशेचा ताणत नाही, कानांवर अडकतो, आणि बाळाच्या मनात त्या स्वेटरबद्दल कायमची अढी बसते. एकदा मी सहा महिन्यांचा बंद गळ्याचा विणला होता. छातीला एकदम बरोबर, डोक्यावरून जाईचना. शेवटी खांदा उसवून दोन बटणं लावली.

म्हणून लहान मापात पुढून उघडा किंवा खांद्यावर उघडा, तिसरा पर्याय नाही. आणि गळ्याला नाडी ओवून "लहानमोठा करता येईल" असली युक्ती अजिबात नको. गळ्याशी नाडी म्हणजे फास. युरोपातलं ईएन १४६८२ हे मानक लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि कपड्याला जोडलेल्या टोपीला नाडी चालू देत नाही, ते उगाच नाही.

दोनसुया

म्हणजे गळा आमचाच बरा. बघा म्हटलं होतं.

वरूनखाली

उशिरा आलो. टाके मोजायचे की सुई बदलायची या भांडणात एक मधली वाट आहे. गळ्यापासून खाली विणायचा रॅग्लन, म्हणजे बाह्या गळ्यापासून तिरक्या जोडलेला स्वेटर, घ्या. चार कोपरे असतात, दर ओळीला प्रत्येक कोपऱ्यात दोन टाके वाढतात, म्हणजे ओळीला ८. त्यातले पाठीला २, पुढच्या दोन भागांना मिळून २, आणि दोन्ही बाह्यांना २-२.

आता गंमत बघा. तुमचा हात १० सेंटिमीटरला १६ खांब असा पडत असेल, तर वाढीची एक ओळ जास्त घेतली की अंगाला ४ टाके वाढले, म्हणजे अडीच सेंटिमीटर. तक्त्यात एका मापातून पुढच्या मापात छाती तेवढीच वाढते. बाहीला २ टाके, म्हणजे सव्वा सेंटिमीटर. दंडाचा घेरही तक्त्यात जवळपास तेवढाच वाढतो. काख मात्र अर्धा सेंटिमीटर जास्त खाली उतरते, पण तेवढं बाळ खपवून घेतं. म्हणजे तीन महिन्यांच्या पॅटर्नमध्ये एक ओळ वाढवली की सहाचा, दोन वाढवल्या की वर्षाचा. सुई तीच, लोकर तीच, कापड तेवढंच घट्ट. लांबी खाली हवी तेवढी.

शिवाय बाळ वाढलं तर शेवटची ओळ उसवून बाही आणि अंग पुढे विणता येतं. फक्त त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, एक गुंडा बाजूला ठेवा. दुसऱ्या लॉटचा पांढरा पहिल्या पांढऱ्याशी कधीच जुळत नाही.

मोठीसुई

हे मात्र टीव्ही बघत जमेल. एक ओळ लक्षात ठेवायची फक्त. पण १६ खांब पडतात का ते बघायला चौकोन विणावा लागणार ना? :(

वरूनखाली

लागणार. सुटका नाही.

साखळीवाली

नवख्यांसाठी एक सूचना, याच चुकीने माझा पहिला स्वेटर झग्याएवढा झाला होता. पॅटर्न ब्रिटिश की अमेरिकन ते आधी बघा. अमेरिकन पॅटर्नमधला "डबल क्रोशे" म्हणजे आपला खांब. ब्रिटिश पॅटर्नमधला "डबल क्रोशे" म्हणजे मुका खांब. शब्द तोच, उंची निम्मी. छातीच्या मापाला दोष देत बसले होते चार दिवस.

कमीदिवसाची

विणत नाही म्हटलं खरं, पण हे वाचून सुई घ्यावीशी वाटतेय. बाह्या वेगळ्या करताना काखेत साखळ्या किती घ्यायच्या?

वरूनखाली

लहान मापाला ३, वर्षाच्याला ४. पुढच्या ओळीत त्या साखळ्यांमध्येच खांब घाला, नाहीतर काखेत भोक राहतं.

उसवणारी

माझा परत आलेला तर खालून वर विणलाय. तो वाढत नाही म्हणजे गेलाच समजू?

मुका खांब

का म्हणून? किनार पायाच्या, म्हणजे सुरुवातीच्या, साखळीवर काढली असशील तर तेवढीच उसव आणि साखळीच्या खालच्या बाजूने उलट दिशेला विणत जा. बाहीलाही तसंच. घेर कमी पडेल तिथे बटणपट्ट्या दोन-दोन ओळींनी रुंद कर. सहा महिन्यांपर्यंत नक्की जाईल.

उसवणारी

लॉट नंबर बघून आले. अर्धा गुंडा शिल्लक आहे. बटणं उसवायला घेते.