मुंबईवर क्षेपणास्त्रविरोधी छत्र: पैसा कारणी की पाण्यात?

चेंबूरकर (धागाकर्ता):

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून 'सुदर्शन चक्र' जाहीर झालं. २०३५ पर्यंत देशातल्या महत्त्वाच्या जागांना हवाई हल्ल्यापासून संरक्षण, आणि त्यात इस्पितळं, रेल्वे, देवळंसुद्धा. आठवडाभरात ओडिशाच्या किनाऱ्यावर दोन तऱ्हेची क्षेपणास्त्रं आणि लेझर अशी एकत्र चाचणीही झाली. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेटवेच्या डोक्यावर फिरणारं चक्र दाखवणारी एआयची चित्रं थांबायला तयार नाहीत.

माझं मत सांगतो. ड्रोन, साधी रॉकेटं, विमानं पाडणारी यंत्रणा हवीच, तिथे वाद नाही. पण अणुबॉम्ब घेऊन येणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र (आभाळात उंच जाऊन प्रचंड वेगाने खाली कोसळणारं) वरच्या वर टिपून मुंबई वाचवू, हे स्वप्न कृपया विकू नका. २०१२ मध्येच डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख सारस्वत यांनी अशा छत्रासाठी दिल्ली आणि मुंबईची नावं घेतली होती. ते मुंबईत उभं राहिल्याची घोषणा मी तरी ऐकलेली नाही.

साधा हिशेब करा. कराची इथून साधारण ९०० किमी. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला सात-आठ मिनिटं पुरतात. तेवढ्यात संध्याकाळचा चेंबूर नाका ओलांडून झाला तरी नशीब. आता एक इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र हवेतच फोडणारं आपलं क्षेपणास्त्र, ८० टक्के खात्रीचा धरा, उदार होऊन. प्रत्येक वॉरहेडवर (क्षेपणास्त्राच्या टोकाच्या बॉम्बवर) दोन सोडले तर ९६ टक्के. छान वाटतं. पण २० वॉरहेड आली तर वीसच्या वीस अडण्याची शक्यता ४४ टक्क्यांवर येते. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा एक तरी सुटणार, आणि तेवढं एक पुरे आहे.

शिवाय समोरचा हातावर हात ठेवून बसत नाही. पाकिस्तानने जानेवारी २०१७ मध्ये अबाबीलची चाचणी केली. एका क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड. कारण म्हणून त्यांनीच सांगितलं की या भागात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वाढतायत. आपल्या छत्राची ही पहिली फळं.

रडारवाला_निवृत्त:

चेंबूरकर, गणित बरोबर, निष्कर्ष उतावळा. तुम्ही परीक्षेत १०० पैकी १०० नाहीत म्हणून नापास करताय.

'स्वप्न' हा शब्द आता तरी मागे घ्या. आपल्याकडे नोव्हेंबर २००६ मध्ये पृथ्वी एअर डिफेन्सने जवळपास ५० किमी उंचीवर लक्ष्य टिपलं, पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये वातावरणाच्या आत, साधारण १५ किमीवर. दोन थर दोन वर्षांत. मे २०२३ मध्ये युक्रेनने अमेरिकेच्या जुन्या पॅट्रियट यंत्रणेने किंझाल क्षेपणास्त्र पाडलं, ज्याला रशिया अजिंक्य म्हणत होता. एप्रिल २०२४ मध्ये इराणने एका रात्रीत ३०० च्या वर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली, इस्राएलपर्यंत पोचली मोजकी.

आणि प्रत्येक वेळी २० अणुबॉम्ब येतात असं कोणी सांगितलं? ९ मार्च २०२२ आठवा. आपलंच ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. नशिबाने वॉरहेड नव्हतं. उद्या तिकडून असंच एखादं चुकून आलं तर? एकट्या-दुकट्या क्षेपणास्त्राला अडवणारी सोय असली तर दिल्लीत बसलेल्या माणसाला उलट बटण दाबायची घाई होत नाही. माझ्या लेखी छत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो चर्चेत कधीच येत नाही.

लालबागचा_बाळ्या:

रडारवाल्यांना +१. घरावर पत्रा घालताना कोणी विचारतं का, वीज पडली तर टिकेल का म्हणून!

पार्लेकर:

बाळ्या, पत्र्याचं बिल कोणी भरलं तेही विचारलं जातं हो. त्यावर नंतर येतो. आधी रडारवाल्यांच्या चाचण्यांबद्दल.

चाचणीत लक्ष्य कधी सुटणार, कुठून येणार, हे साधारण माहीत असतं. खऱ्या लढाईत काय होतं ते आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ ला धाहरानमध्ये दिसलं. सौदीतला तळ, पॅट्रियटची बॅटरी सज्ज. ही यंत्रणा वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात. आता ०.१ हा आकडा संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमका बसतच नाही, शेपूट कुठेतरी तोडावं लागतं. तोडलेलं शेपूट नगण्य. पण ती बॅटरी सलग १०० तास चालू ठेवलेली, आणि साठत साठत चूक सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत गेली. तेवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढे सरकतं. रडारने चुकीच्या जागी पाहिलं, तिथे काहीच दिसलं नाही, इंटरसेप्टर सुटलाच नाही. २८ अमेरिकन सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी.

चेंबूरकरांचा ९६ टक्क्यांचा हिशेबही म्हणूनच फसवा आहे, आणि तोही आशावादी बाजूला! दोन इंटरसेप्टर स्वतंत्रपणे चुकतील असं धरलंय. घड्याळच चुकलं असेल तर दोनाचे दहा सोडा, दहाही चुकणार.

रडारवाला_निवृत्त:

धाहरानचा दाखला दरवेळी येतो. ३० वर्षांपूर्वीचं घड्याळ चुकलं म्हणून आज घड्याळ घालायचं नाही? पॅट्रियट मुळात विमानांसाठी घडवलेलं, घाईघाईत स्कडसमोर उभं केलं.

पण समान चुकीचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच थर वेगळे, रडार वेगळं, मार्गदर्शन वेगळं ठेवतात. एकाच कारखान्याचा माल दोनदा सोडणं म्हणजे दोन थर नव्हेत.

पार्लेकर:

आता बिल. इस्राएलच्या रॉकेटविरोधी आयर्न डोमचा एक तामिर इंटरसेप्टर साधारण ४० ते ५० हजार डॉलरचा धरतात. समोरून, गाझातून येणारं कासम रॉकेट काहीशे डॉलरचं. तरीही इस्राएलला ते परवडतं, कारण येणारं रॉकेट कुठे पडणार हे संगणक आधी काढतो आणि मोकळ्या जागी पडणार असेल तर सोडून देतो. अर्धी बचत तिथेच.

आता मला मुंबईच्या नकाशावर सोडून द्यायची मोकळी जागा दाखवा. धारावी? कुर्ला? माहुलच्या तेलाच्या टाक्या? फार तर बोरिवलीचं जंगल, तेही बिबट्यांची हरकत नसेल तर. इथे प्रत्येकावर खर्च करावाच लागेल, आणि वर फोडलेल्याचा ढिगाराही कोणाच्या तरी चाळीवरच पडेल.

लेझर स्वस्त पडेल म्हणणाऱ्यांसाठी: एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची चाचणी झाली, अभिमान आहेच. पण कर्नूलच्या आभाळात आणि आपल्या जुलैच्या आभाळात फरक आहे. ढगात आणि पावसात लेझर विरतो. शत्रूने गणपतीपर्यंत थांबायचं का?

वरळीची_कोळीण:

तुम्ही सगळे आभाळाकडे बघताय. या शहरावर खरा हल्ला झाला तो २००८ साली, तो समुद्रातून, पळवलेल्या मासेमारी बोटीतून. त्यानंतर आम्हाला कार्डं मिळाली, समुद्रात तपासण्या वाढल्या, त्रास आम्हीच काढतो. आज तशा बोटीत माणसांऐवजी ५० ड्रोन असले तर? किनाऱ्यापासून २० किमीवरून सुटलेल्या, लाटांच्या वर चार बांबू उडणाऱ्या ड्रोनला तुमचं ५० किमी उंचीचं छत्र काय करणार? युक्रेनने जून २०२५ मध्ये ट्रकमधून ड्रोन सोडून रशियाच्या आतल्या तळांवरची विमानं जाळली. घुमटाचे पैसे आधी खाली खर्चा.

रडारवाला_निवृत्त:

ताई, हे शंभर टक्के पटलं. मे २०२५ मध्ये एका रात्रीत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारनेच सांगितलं. त्यांच्यासाठी तोफा, ड्रोनचे सिग्नल तोडणारे जॅमर, खाली बघणारी रडारं. 'पाच लाखांच्या ड्रोनवर पाच कोटींचं क्षेपणास्त्र' ही तक्रार मात्र अर्धीच असते. ड्रोन कितीला पडला याऐवजी तो जिथे पडणार होता ती जागा कितीची आहे ते बघा. ट्रॉम्बेला बीएआरसी हे अणुसंशोधन केंद्र आहे, माझगावला गोदी आहे.

रिडेव्हलपमेंटग्रस्त:

कोणी खालच्या माणसांचं बोलणार का? इस्राएलमध्ये १९९१ च्या स्कडनंतर नव्या घरात एक काँक्रीटची मजबूत खोली बांधणं सक्तीचं झालं. तिथे इंटरसेप्टर चुकला तरी माणूस वाचतो तो त्या खोलीमुळे. १ ऑक्टोबर २०२४ ला इराणची कित्येक बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं इस्राएलच्या नेवातिम हवाई तळावर पडलीच की.

इकडे मे २०२५ च्या मॉक ड्रिलला आमच्या गल्लीत भोंगा ऐकूच आला नाही. बिल्डरच्या प्लॅनमध्ये तीन मजल्यांचं पोडियम पार्किंग आहे, जिम आहे, 'झेन डेक' आहे. सात मिनिटांत २२ मजले उतरून जायचं कुठे, याची ओळ नाही. एका इंटरसेप्टरच्या पैशात किती भोंगे येतील?

चेंबूरकर:

मला हेच म्हणायचं होतं, फक्त तुम्ही नीट म्हणालात. रडारवाले, सरळ प्रश्न: पैसा एकाच गोष्टीला पुरेल असं धरा. माहुल-ट्रॉम्बेभोवती ड्रोनविरोधी तोफा, की वातावरणाबाहेर मारणारे इंटरसेप्टर?

रडारवाला_निवृत्त:

आधी तोफा. पण उंचावरचं काम थांबवाल तर वीस वर्षांनी ते जाणणारी माणसंच उरणार नाहीत, तेव्हा पैसे असूनही जमणार नाही. थोडे का होईना, तिकडे चालू ठेवायचेच.

पार्लेकर:

थोडे म्हणजे किती? 'थोडे'चेच पुढे हजारो कोटी होतात. आकडा सांगा, मग बोलू.