पोलो खेळून पोट भरता येते का? मुलीसाठी मार्गदर्शन हवे

परळची आई:
माझी १७ वर्षांची मुलगी गेली ५ वर्षे घोडेस्वारी शिकते आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या मधल्या मैदानावरचा पोलो पाहिल्यापासून व्यावसायिक पोलोपटू होण्याचे तिने मनावर घेतले आहे. आम्ही दोघेही नोकरदार असून घोडा विकत घेण्याची आमची ऐपत नाही. या खेळात पैसा नेमका कुठून मिळतो आणि डावखुऱ्या मुलीला तो खेळता येतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. बारावी तोंडावर आली आहे.

जयपूरचा खेळाडू:
ताई, चेंडू मारायची स्टिक उजव्याच हातात धरावी लागते. समोरासमोर भरधाव येणारे दोन स्वार चेंडू आपापल्या उजव्या बाजूला ठेवतात, म्हणून घोड्यांची टक्कर टळते. एकाने डाव्या हाताने खेळायचे ठरवले, तर दोघे एकाच रेषेत येतील. मात्र अनेक डावखुरे उजव्या हाताने उत्तम खेळू लागतात.

पैशाचे म्हणाल, तर बक्षिसांच्या रकमेवर कोणाचाही संसार चालत नाही. संघाचा मालक, ज्याला आम्ही पेट्रन म्हणतो, तो हंगामासाठी खेळाडूंना मानधन देतो आणि पुष्कळदा स्वतःही त्याच संघातून खेळतो. प्रत्येक खेळाडूला उणे २ पासून १० गोलांपर्यंत हँडिकॅप मिळतो. हा आकडा त्याने केलेल्या गोलांचा नसून त्याच्या कुवतीचा असतो. स्पर्धेत संघातल्या चौघांच्या हँडिकॅपची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते, त्यामुळे आकडा लहान आणि खेळ मोठा, अशा खेळाडूला सर्वाधिक मागणी असते. माझा हँडिकॅप वाढला तेव्हा घरी पेढे वाटले गेले. पण पुढच्याच हंगामात मी संघाच्या बेरजेत बसेनासा झालो आणि चार महिने घरी बसलो. मुलीच्या आयुष्यात असे महिने येतील, हे धरूनच हिशेब करा. थंडीत आपल्याकडचा हंगाम, उन्हाळ्यात जमल्यास इंग्लंड, आणि उरलेल्या काळात घोडे तयार करणे किंवा शिकवणे, अशी आमच्यापैकी बहुतेकांची वर्षाची मांडणी असते.

तबेल्यातला माणूस:
वरील उत्तर रास्त आहे, पण घोड्यांबद्दल अधिक सांगायला हवे, कारण खरा खर्च आणि खरी संधी दोन्ही तिथेच आहेत. एक चक्कर, म्हणजे सामन्याचा एक डाव, सुमारे ७ मिनिटांचे असते आणि तेवढ्यात घोडा घामाने असा निथळतो की पुढच्या चक्करला दुसराच घ्यावा लागतो. म्हणजे एका सामन्यासाठी खेळाडूला चार-पाच घोडे लागतात. त्यांची दाणावैरण, नालबंदी, औषधपाणी आणि घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचे पगार बाराही महिने चालूच राहतात. पूर्वी हा भार संस्थानिकांच्या पागांनी आणि घोडदळाने उचलला. पदरमोड करून कोणत्याही मध्यमवर्गीय घराला तो पेलणार नाही.

मात्र शर्यतींतून निवृत्त झालेले अनेक घोडे आपल्याकडे पोलोसाठी तयार केले जातात. फक्त पुढे धावणे ठाऊक असलेल्या घोड्याला जागच्या जागी थांबून वळायला आणि शेजारच्या घोड्याला खांद्याने रेटायला शिकवावे लागते. त्यात कित्येक महिने जातात आणि हे काम मनापासून करणारी माणसे थोडीच आहेत. तुमच्या मुलीची मांड पक्की असेल, तर तिने इथूनच सुरुवात करावी. सामन्याआधी शेपटीची वेणी घालून ती स्टिकमध्ये अडकणार नाही अशी वर बांधणे, पायांना पट्ट्या गुंडाळणे, नंतर घोडा थंड होईपर्यंत फिरवणे ही कामे तिने वर्षभर करावीत. घोड्यावर मेहनत घेणाऱ्यालाच सरावात रिकाम्या जागी बसवले जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मुलगी आहे म्हणून मागे हटू नका. पोलोत स्त्री-पुरुष एकाच संघातून खेळू शकतात आणि मणिपूरमध्ये तर मुलींच्या स्वतंत्र स्पर्धाही होतात.

परळची आई:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बारावीनंतर एक वर्ष तिला तबेल्यात काम करू द्यावे, असे आम्ही ठरवत आहोत. तोपर्यंत उजवा हात कसा तयार करावा?

जयपूरचा खेळाडू:
लाकडी घोड्यावर बसवा. क्लबात नसेल, तर भक्कम पिंपावर खोगीर बांधले तरी चालते. रोज शंभर फटके मारावेत, आणि डावा हात सदैव लगामावर असावा.