गावच्या शाळेचा पैसा कोणी खर्चायचा?

माजी समिती अध्यक्ष (पालक)
काल एका निवृत्त केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, लिहिले की, शाळा व्यवस्थापन समित्यांना पैशाचा व्यवहार कळत नाही, त्या कमानींवर आणि रंगरंगोटीवर निधी उडवतात, म्हणून खर्चाचे सगळे अधिकार काढून जिल्ह्याच्या पातळीवर न्यावेत. दोन वर्षे अशा समितीचा अध्यक्ष राहिलेला माणूस म्हणून मला यावर गप्प बसणे शक्य नाही.

आमची वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा, पट २८. तीसपर्यंतच्या पटाला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते ते वर्षाला १०,००० रुपये, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. उरलेल्या ९,००० रुपयांत, म्हणजे महिन्याला ७५० रुपयांत, वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, गळका नळ आणि सरकलेले पत्रे हे सगळे भागवायचे असते. यातून कमान उभी राहूच शकत नाही. केंद्रप्रमुख गुरुजींनी ज्या कमानी पाहिल्या, त्या लोकवर्गणीतून झाल्या असतील, तर त्या अनुदानाच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे.

आमच्याकडे मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. चौथीतल्या मुली एकमेकींना दार धरायला उभ्या करून आत जात. दार धरणारी कोणी नसली तर घरी जाईपर्यंत कळ सोसत. मासिक सभेत एका आईने खाली मान घालून हा विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी कडी बसली. खर्च नगण्य होता, पण ती गोष्ट जिल्ह्याच्या कोणत्या तक्त्यात आली असती? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या आहेत, त्या अशाच गोष्टींसाठी.

निवृत्त केंद्रप्रमुख
आपली समिती चांगली होती, हे मान्य करतो. पण मी अनेक वर्षे केंद्रातल्या शाळांची इतिवृत्ते तपासली आहेत आणि त्यांतली कितीतरी मुख्याध्यापकांनी घरी बसून एकहाती लिहिलेली होती. सह्या नंतर दारोदार फिरून घेतल्या जात, आणि महिला सदस्यांच्या नावापुढे त्यांच्या पतीराजांचे अक्षर मी स्वतः ओळखले आहे. अध्यक्ष निवडताना गावातले दोन गट ग्रामपंचायतीची निवडणूक असावी तसे लढतात.

एक उदाहरण देतो. पट २६०, म्हणजे अनुदान ७५,००० रुपये. दोन वर्गांत पावसाचे पाणी ठिबकत होते आणि मुले बाके सरकवून कोरड्या कोपऱ्यात बसत होती. तरीही समितीने मोठी रक्कम कुंपणाच्या भिंतीवर चित्रे काढण्यात घातली, कारण ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’चे मूल्यांकन तोंडावर आले होते. २०२४ च्या त्या अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपयांचे बक्षीस होते, तेव्हा भिंत रंगवण्याचा मोह मी समजू शकतो. ठिबकणाऱ्या छताखाली बसलेल्या मुलांना मात्र तो समजावून सांगता येत नाही.

प्राथमिक शिक्षिका
गुरुजी, भिंती रंगवण्याची चढाओढ वरूनच लावून दिली जाते आणि दोष मात्र समितीच्या माथी मारला जातो. अनुदान हातात येते मार्चच्या तोंडावर आणि ३१ तारखेला खर्च न झालेला निधी परत जातो. त्या आठवड्यात दुकानात जे असेल ते घ्यावे लागते. आणि सगळी खरेदी वरून झाली की काय होते, ते आपण २०२४-२५ च्या गणवेशांत पाहिले आहे. एका गणवेशाचे ३०० रुपये समितीला मिळत तेव्हा आम्ही बाजारच्या शिंप्याला शाळेत बोलावून मापे घ्यायचो. त्या वर्षी कापड राज्याने घेतले, शिलाई बचत गटांकडे गेली, आणि माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलाच्या शर्टाची बाही बोटांच्या टोकांपर्यंत आली. मी ती दोन घड्या घालून पिनेने टाचली, तेव्हा त्याला पाटीवर लिहिता आले.

बचत गटातील सदस्य
बाई, त्या बाहीचा दोष आमच्यावर टाकू नका. आमच्याकडे कापड आले तेच कापलेले आले. सोबत ठरावीक मापांचे आकडे होते, मुलांची मापे नव्हती. शिलाई १०० रुपये आणि वर काज, बटण, दोरा, इस्त्री, ने-आण यांसाठी १०. आमच्या गटातल्या चौघींनी जून-जुलैच्या लावणीची रोजंदारी सोडून रात्री दिव्याखाली मशीन चालवले, आणि पैसे दिवाळीनंतर हातात पडले. ज्या मुलाला तो शर्ट मोठा झाला, त्याला आम्ही ओळखत होतो. समितीने आम्हालाच शाळेत बोलावले असते तर त्याच कापडात त्याच्या मापाचा शर्ट झाला असता.

पालक, शेतमजूर
ताई, तुमचे कष्ट खरे, पण माझा मुलगा १५ ऑगस्टला जुन्या शर्टात झेंडावंदनाला गेला आणि मागच्या रांगेत उभा राहिला. घरी येऊन तो दिवसभर बोलला नाही. ३०० रुपये समितीकडे आले असते तर शाळा उघडायच्या आधी शर्ट शिवून झाला असता. ज्यांची मुले या शाळांत नाहीत, त्यांनी बसून हे ठरवले याचा मला संताप आहे, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख
आपला शेवटचा शेरा माझ्यावर असेल तर तो मागे घ्या. माझी दोन्ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली आहेत.

गणवेशापुरते मी माझे म्हणणे सोडतो. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानेच तो निर्णय फिरवून २०२५-२६ पासून काम पुन्हा समित्यांकडे दिले, तेव्हा त्यावर वाद घालणे आता व्यर्थ आहे. पण शर्ट आणि छत यांत फरक आहे. छताला अभियंता लागतो, अंदाजपत्रक लागते, आणि ते पडले तर जबाबदार धरता येईल असा माणूस लागतो. सभेला न आलेल्या सदस्यांच्या सह्यांवर हे काम सोपवायला मी तयार नाही.

माजी समिती अध्यक्ष (पालक)
इतिवृत्तांबद्दल आपण लिहिले ते मला बोचले, कारण आमच्याही वहीत दोन सभा अशा आहेत. पहिल्या वर्षी सुगीच्या दिवसांत कोणी आले नाही आणि मी नंतर सही केली. ते चूक होते.

पण छताबद्दल आपण जे मागत आहात, ते आजही जिल्ह्याच्याच हातात आहे. धोकादायक खोली पाडायची तर निर्लेखनाची, म्हणजे ती वापरातून बाद करण्याची, मंजुरी वरून येते, आणि नवी बांधायची तर निधीही वरूनच येतो. आमच्या एका खोलीच्या भिंतीला तळहात जाईल एवढी भेग पडली. समितीने ठराव केला, अभियंता येऊन पाहून गेला, प्रस्ताव गेला. त्याला दोन पावसाळे झाले. पहिली-दुसरीची मुले तेव्हापासून मारुतीच्या सभामंडपात बसतात, आणि शनिवारी दर्शनाची गर्दी झाली की शिक्षिका त्यांना लिंबाखाली घेऊन जातात. फळा त्यांनी स्वतः पाठीवर वाहून नेलेला मी पाहिला आहे. तो प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, हे आपल्या ओळखीने कळत असेल तर एवढे मात्र करा, गुरुजी.