मार्क बघून चान्स काढणं बंद करा, रँक बघा

वाटसरू७१
नीटचा पेपर झाला की घरोघरी एकच प्रश्न, "एवढे येतायत, एमबीबीएसला लागेल का?" मग कुणीतरी मामा गेल्या वर्षीचा कटऑफ मोबाईलवर उघडतो आणि पोराचं तोंड पाडतो. माझं स्पष्ट मत, मार्कांवरून चान्स काढण्याला काडीचाही अर्थ नाही. २०२४ ला देशात ७२० पैकी ६०० च्या वर ऐंशी हजारांहून जास्त पोरं होती. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांना आडवं पाडलं, टॉपरच ६८६ वर थांबला आणि ६०० च्या वर राहिली जेमतेम तेराशे. भाची पेपर देऊन आली ती रडतच, आन्सर कीने मोजले तर ५१५ च्या आसपास, घरात सुतक. तिच्या बापाने दुसऱ्या कोर्सची चौकशीपण सुरू केली, कारण आदल्या वर्षीचा कटऑफ डोक्यात. निकालात रँक आला तो आदल्या वर्षीच्या ६३०-६४० वाल्यांच्या बरोबरीचा! म्हणून म्हणतो मार्क विसरा, रँक आणि कॅटेगरी धरा.

बायोवाले सर
वाटसरू, बोलायला सोपं आहे. रँक आणणार कुठून? २०२५ ला ४ मे ला पेपर आणि १४ जूनला निकाल, तोपर्यंत पालकाने हातावर हात धरून बसायचं का? पेपरचा अंदाज घेऊन रेंज काढता येते, आम्ही दरवर्षी काढतो, बऱ्यापैकी बरोबर येते. आणि रँक म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. २०२४ ला राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं आली, जालना, हिंगोली, वाशिम, गडचिरोली वगैरे. जागा वाढल्या की शेवटचा रँकही खाली सरकतो. त्याच वर्षी एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, १० टक्के आरक्षण आलं, तिथे तर मागचा आकडाच नाही, कशाशी ताडणार?

वाटसरू७१
सर मान्य, पण रँक सरकतो तो थोडा, मार्क सव्वाशेने सरकले. दोन्ही एकाच तराजूत कशाला घालता. आणि रेंजचं म्हणाल तर "५०० ते ५६०, बघू" ही रेंज कुणीपण देईल.

मनूची आई
तुम्ही दोघं आकड्यांवर भांडताय, आमच्याकडे गोंधळ वेगळाच. सासरे अजून सांगतात की आपल्या भागात कमीवर लागतं. अहो तो ७०:३० चा प्रादेशिक कोटा, ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या पोरांना, २०२० लाच गेला! आता ८५ टक्के स्टेट कोट्यात सगळं राज्य एका लिस्टमध्ये. आणि ज्यांनी अकरावी-बारावीसाठी पोरं राज्याबाहेर पाठवलीत त्यांनी आधी नियम वाचा, दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि डोमिसाईल, नाहीतर ८५ टक्के विसरा, राहिला १५ टक्के ऑल इंडिया कोटा. आमच्या ओळखीत एकाचं असंच झालं, मार्क चांगले असून. रँक काय चाटायचाय.

सेकंड इयरवाला
काका, ताई, माझं मत सगळ्यांच्या उलट आहे, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना चान्स काढायचाच नाही. लोक काय करतात, "हे कॉलेज लागणार नाही" म्हणून ते लिस्टमध्ये टाकतच नाहीत किंवा जे नक्की लागेल ते पहिल्या नंबरवर टाकतात. अरे सिस्टीम वरून खाली बघत येते, तुमच्या मेरिटला जे पहिलं बसेल ते देते, वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातातून जात नाही. उलट खालचं वर टाकलं तर तेच मिळणार आणि मग रडायचं. आवडीच्या क्रमाने टाका, संपलं. फक्त राउंडचे नियम नीट वाचा, एमसीसीच्या (ऑल इंडिया कोट्याचे प्रवेश करणारी कमिटी) पहिल्या राउंडला सीट सोडली तर चालतं, पुढे डिपॉझिट जातं.

ड्रॉपवाली
दादा फॉर्मचं पटलं, पण खरा चान्स काढावा लागतो तो ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे वर्षभर थांबून परत नीट द्यायची का, हे ठरवताना. आणि नेमका तेव्हाच लोक घाबरवून सोडतात. निकालाआधीच क्लासवाल्यांचे फोन सुरू, "यंदा कटऑफ वर जाणार, रिपीटर बॅचची सीट बुक करून ठेवा". बाजारात तुरी आणि फी आधी! मला तर वाटतं मे महिन्यातला निम्मा चान्सचा धंदा यासाठीच चालतो.

बायोवाले सर
सरसकट सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आम्ही निकालाआधी रुपया घेत नाही. आणि ड्रॉपचा निर्णय चान्सवरून घ्यायचाच नसतो, पेपरवरून घ्यायचा. बायोचे ३६० पैकी ३२० आणि फिजिक्सला ६० असेल तर एका वर्षात जागा आहे. तिन्हीकडे अर्धवट असेल आणि दोन वर्षं क्लासही झाला असेल तर मी पालकांना तोंडावर सांगतो, नको. अटेम्प्टला मर्यादा नाही, वयाला वरची अट नाही, म्हणून किती वर्षं काढायची?

ड्रॉपवाली
सर, मी दुसऱ्यांदाच देतेय आणि नेमकं फिजिक्सच मार खातं, त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य घेते. पण "तोंडावर सांगतो" हे पोराला बाहेर बसवून पालकांना सांगता की पोराला?

बायोवाले सर
दोघांना एकत्र.

वाटसरू७१
हे बरं आहे. तरी ड्रॉप ठरवतानाही मी आधी रँकच बघेन, सरकारीच्या शेवटच्या रँकच्या पाच-सहा हजार मागे असशील तर गोष्ट वेगळी आणि लाखभर मागे असशील तर वेगळी. नुसते विषयाचे मार्क बघून हे कळत नाही, तिथेही पेपर अवघड का सोपा हे आलंच.

शेतकरी बाप
एक आमचंही. "लागतंय" म्हणजे बहुतेक वेळा प्रायव्हेट लागतंय असं निघतं. डीम्ड (अभिमत विद्यापीठं) तर सोडाच, राज्यातल्या प्रायव्हेटची फी बघून पोरगं स्वतःच म्हणालं नको पप्पा. तेव्हा चान्स काढताना सरकारी वेगळा काढा, प्रायव्हेट वेगळा. आणि ओबीसीवाल्यांनी नॉन क्रिमिलेअर आणि व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) आत्ताच हातात ठेवा, नाहीतर धरतात ओपनमध्ये आणि कॅटेगरीचा रँक बसतो कागदावर.

मनूची आई
व्हॅलिडिटीला आमची फाईल अजून अडकलीय. कुणाची लवकर झाली असेल तर सांगा काय केलंत.