बरोक मुद्राचित्रांतली शिकार: नुसती खुशामत?

ताम्रपट: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं की बरोक काळातली (साधारण १६००–१७५०, युरोप) शिकारीची मुद्राचित्रं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं, ही राजांची खुशामत, बघण्यासारखं काही नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या योहान एलियास रीडिंगर या चित्रकाराची १७२९ची मालिका बघा. बंदिस्त शिकारीत रान कापडी पडद्यांनी आणि जाळ्यांनी वेढतात, हाकारे जनावरं आत लोटतात, सरदार आडोशातून गोळ्या घालतात. पडदे वाहणं, हाके घालणं ही गावकऱ्यांची वेठ. इथे राजाच्या नेमाला किंमतच नाही. किती माणसं जुंपता येतात, ती सत्ता. खुशामत्याने हे दाखवलं असतं?

उभीरेघ: दाखवलं असतंच! वेठ लपवायची गोष्ट नव्हती, वैभव होतं. याच रीडिंगरच्या अजब शिंगांच्या हरणांच्या मालिकेत खाली कोरलेलं असतं: कोणत्या राजाने, कुठे मारलं. हाकाऱ्यांचं नाव शोधून दाखवा.

काळीशाई: मोबाइलवर झूम करून मतं देणं थांबवा, रेघेची खोली फोटोत कळत नाही. चित्रकार रुबेन्सच्या सिंहाच्या शिकारीच्या चित्रावरून बोल्सवर्टने केलेलं एनग्रेव्हिंग, म्हणजे तांब्यावर हाताने कोरलेलं मुद्राचित्र, घ्या. बरिनची, म्हणजे कोरायच्या पोलादी हत्याराची, रेघ मध्ये फुगते, टोकाला निमुळती होते. घोड्याच्या पुठ्ठ्याची गोलाई त्यातून येते. एचिंगमध्ये प्लेटवरच्या लेपात सुईने रेघ ओढतात आणि उघडं पडलेलं तांबं अॅसिड खातं; तिथे रेघेची जाडी अ‍ॅसिडमधल्या वेळेवर ठरते. फिकट हव्या त्या रेघा आधी व्हार्निशने झाकायच्या, मग प्लेट पुन्हा बुडवायची. दाट रेघांना वेळ जास्त झाला की मधलं तांबं खाल्लं जातं आणि काळा डाग पडतो.

उभीरेघ: काळा? साफ चूक! खड्डा रुंद आणि उथळ झाला की छापण्याआधी प्लेटवरची शाई पुसताना चिंधी आतली शाईही उचलते. मधे राखाडी, काळं फक्त कडांना. इतरांना शिकवण्याआधी एवढं तपासायचं.

काळीशाई: बरं, राखाडी. सूर खाली आणा. मुद्दा असा की रीडिंगरच्या चित्रांत मागचे हाकारे पहिल्या बुडीनंतरच झाकले जातात, म्हणून ते सगळ्यांत पुसट.

उभीरेघ: ते अंतर दाखवायचं तंत्र आहे. मागची झाडंही पुसटच असतात, त्यांच्यावर कोणाची सत्ता?

ताम्रपट: तंत्र मान्य. पण कोणाला मागे उभं करायचं हे अ‍ॅसिड ठरवत नाही. आणि गिऱ्हाइकाचं काय? रीडिंगर स्वतःच प्रकाशक होता. शिकारीचा हक्क नसलेला शहरी माणूसही ही चित्रं विकत घेऊ शकत होता.

उभीरेघ: घेऊ दे. शेत हरणांनी खाल्लं तरी शेतकऱ्याला हरीण मारायची मुभा नव्हती. फ्रान्समध्ये सरंजामदारांचा तो खास हक्क मोडायचं ठरलं ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री. चित्रं बाजारात विकली गेली म्हणून त्यातला राजा लहान होत नाही. वेठीचा मुद्दा तेवढा तुमचा, तो घ्या.