लासलगावला किरणं दिलेला कांदा घरात खायला चालेल का?

चांदवडकर
उन्हाळ कांदा तसाच कांदाचाळीत भरायचा की लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून किरणं देऊन आणायचा, यावरून घरात वाद चाललाय. व्यापारी म्हणतो, कोंब येत नाहीत. पण आईला थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं, तेव्हा कुणाला जवळ जाऊ दिलं नव्हतं. ती म्हणते, असला कांदा घरात नको.

पॅकहाऊसवाली
दादा, आईंची शंका रास्त आहे, पण दोन्ही प्रकार वेगळे. त्यांना दिलेलं आयोडीन-१३१ स्वतःच किरणं सोडतं आणि ते शरीरात जातं. दर आठ दिवसांनी निम्मं होतं, तोवर जपायचं. कांद्यात काहीच जात नाही. किरणं सोडणारं कोबाल्ट-६० बंद नळ्यांत असतं, माल त्याच्यासमोरून फिरतो, गॅमा किरणं आरपार निघून जातात. एक्स-रे काढून आलेल्या माणसाशेजारी आपण बसतोच की!

केंद्र २००२ पासून आहे. २००७ मध्ये अमेरिकेला आंबा गेला तोही इथूनच. किडीसाठी आंब्याला निदान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) लागतात, कांद्याला ६० ते ९० पुरतात.

आता व्यापाऱ्याने न सांगितलेलं ऐका. थांबतो तो फक्त कोंब. सड थांबत नाही, वजनातली घटही नाही. जाड मानेचा, ओलसर माल नेलात तर काजळी (काळी बुरशी) धरणारच, मग किरणं द्या नाहीतर अंगारा लावा. पातीसकट नीट सुकवून, काढणीनंतर दोन-चार आठवड्यांतच न्या. श्रावणात नेलात तर आतला कोंब सरकलेला असतो. तो मरतो आणि कांदा उभा चिरला की मधोमध तपकिरी डाग दिसतो. खायला अपाय नाही, पण गिऱ्हाईक नाक मुरडतं.

आणि डेंगळ्यांसाठी (बियांच्या दांड्यांसाठी) ठेवायचा कांदा चुकूनही पाठवू नका, उळं म्हणजे बी मिळणार नाही.

अकोल्याचा
किरणांना एवढं काय भ्यायचं? टॅग-२४ भुईमूग १९९१ पासून आहे. किरणांच्याच मदतीने केलेला, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आमच्या कृषी विद्यापीठाचाच वाण. शेंगा खातोच ना आपण!

पॅकहाऊसवाली
खरंय, पण तो तिसराच प्रकार. तिथं बियाण्याला किरणं देऊन नवे गुण निवडले, मग संकर करून वाण केला. शेंगेला कुणी किरणं देत नाही. आईंना हे एकत्र सांगू नका, आणखी घोळ होईल.

चांदवडकर
एक्स-रेचं पटलं तिला. जाड मानेचा माल आधी विकून मोकळा होतो. एका ट्रॅक्टरचा माल घेतात का तिथे?

पॅकहाऊसवाली
केंद्रात विचारूनच गाडी भरा. हंगामात नंबर लागतात.